उतरवून घेताना

पहिल्याच तासाला डॉ. हॅलमनी विचारलं,
माणूस कुठला, हे किती पद्धतींनी विचारता येतं?
मी पटकन म्हणाले, आमच्याकडे एकच. आडनाव काय?
वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत.
फळ्यावर लिहून ठेवलं, माझ्या उच्चारासकट.

मग हल शहरानं त्याची पद्धत शिकवली:
नदीच्या अलीकडची की पलीकडची?
नदी म्हणजे आमच्या पंचगंगेपुढे ओढाच,
पण बोटीसाठी पूल वर गेला
की दोन्ही काठांवर माणसं खोळंबतात
आणि समोर न बघता मोबाइल बघतात.

अण्णांचा फोन, मागे मागांचा खडखडाट.
"समाजशास्त्र म्हणजे नक्की काय गं?
समाज तर आपण रोज बघतोच की."
रोज बघतो म्हणूनच दिसत नाही, मी म्हणाले.
वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.
"पुस्तकातलं का?" त्यांनी विचारलं.
आणि मग, "नोकरी?"

एप्रिलमध्ये नोकऱ्यांचा मेळावा.
पोलीस, तुरुंगखातं, निर्वासितांसाठीची एक संस्था,
आणि एक बिस्किट कंपनी,
जिला हवं होतं कळायला
की माणसं संध्याकाळी एकटी असताना किती खातात.
मी चार कापडी पिशव्या घेऊन आले.
त्यात अजून बटाटे ठेवते.

प्रबंधासाठी डोरीन. वय एकोणऐंशी. हेसल रोड.
पंधराव्या वर्षापासून मासळीच्या शेडमध्ये,
गार पाण्यात हात, हातात सुरी.
संमतीपत्रावर सही करताना
तिची दोन बोटं वाकलीच नाहीत.
यादीतला सहावा प्रश्न:
या कामामुळे लोक तुम्हाला वेगळं वागवायचे का?
ती गप्प.
मग म्हणाली, बसमध्ये.
शेजारची जागा रिकामी राहायची. वास यायचा ना.
आणि चहात बिस्किट बुडवत तिनंच विचारलं,
तुझ्या घराला कसला वास यायचा, पोरी?

हा प्रश्न यादीत नव्हता.

खळीचा, मी म्हणाले.
सुताला लावतात ती. अण्णांच्या शर्टाला,
उशीच्या अभ्र्याला,
आणि शाळेत माझ्या दप्तराला.
इचलकरंजीत हे कुणाला सांगावं लागत नाही.
म्हणून मी ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

रात्री मुलाखत उतरवून काढताना नियम असा
की शांतताही लिहायची. सेकंद मोजून.
डोरीनची नऊ.
माझी, खळीच्या आधीची, अकरा.
मार्गदर्शक म्हणाले, तुझा भाग वगळ,
तू संशोधक आहेस, नमुना नव्हेस.
वगळला. गुण बरे पडले.
ती अकरा सेकंदं लॅपटॉपमध्ये आहेत,
'नवीन फोल्डर दोन' या नावाखाली.

आता कौन्सिलच्या कचेरीत, घरांच्या विभागात.
अण्णा कट्ट्यावर सांगतात, पोरगी तिकडे घरं वाटते.
मी दुरुस्त करत नाही.
घरं नसतात, अण्णा. यादी असते.
वरचा माणूस वर का आणि खालचा खाली का,
एवढं मात्र मला नीट समजावून सांगता येतं,
आणि तेच कुणाला ऐकायचं नसतं.

मंगळवारी शेरको आला होता, अंगावर न्हाव्याच्या दुकानातला काळा अंगरखा,
बाहीवर कुणाचे तरी पांढरे केस.
कुटुंबात माणसं किती?
पाच, तो म्हणाला.
मग खिडकीकडे बघत राहिला.
रकान्यात फक्त आकडा मावतो.
माझी बोटं कळांवर, आणि आत सवयीनं मोजणं सुरू,
चार, पाच, सहा.
बाहेर पुलाची घंटा वाजली. गाड्या थांबल्या.
पडद्यावर चौकट उगवली:
तुम्ही अजून इथे आहात का?
मी 'हो' दाबलं
आणि त्याच्याकडे न बघता
त्याला अजून वेळ दिला.